सरफेस क्लीनर: चकती पंपाला झेपेल तेवढीच

काँक्रीटचा ड्राइव्हवे प्रेशर वॉशरच्या नुसत्या लान्सने, म्हणजे हातात धरायच्या लांब फवारनळीने धुतला, की ओला असेपर्यंत झकास दिसतो. वाळला की पट्टे उठतात: एक पांढरा, शेजारचा मळकट, पुन्हा पांढरा. नोझल जमिनीपासून १० सेंटिमीटरवर असताना फवाऱ्यात जो बोचरेपणा असतो तो २० सेंटिमीटरवर राहत नाही, कारण तेच पाणी दुप्पट रुंदीवर पसरलेलं असतं. लान्स तासभर एकाच उंचीवर, एकाच कोनात आणि एकाच वेगाने फिरवणं कसलेल्या माणसालाही जड जातं. दमलेला हात खाली येतो तिथे खोल पट्टा, वर जातो तिथे फिका.

सरफेस क्लीनर, म्हणजे प्रेशर वॉशरला जोडायची ती गोल चकती, हाताचा हा भाग कामातून काढूनच टाकते. नोझलची उंची आणि कोन चकतीच्या डब्यातच, म्हणजे वरच्या झाकणाखालीच पक्के केलेले असतात. आपण फक्त चालायचं. फायदा एवढा उघड आहे, की घेताना माणूस फार विचार करत नाही आणि दुकानातली सगळ्यांत मोठी चकती उचलतो. मग ती धड फिरत नाही, किंवा फिरते पण साफ करत नाही, आणि दोष काँक्रीटला जातो. चकती केवढी घ्यावी आणि ती घेऊन किती जलद चालावं, ही दोन्ही उत्तरं पंप मिनिटाला किती लिटर पाणी देतो यावरून निघतात. खोक्यावर ठळक छापलेला दाबाचा आकडा त्यामानाने दुय्यम.

डब्याच्या आत

चकती उलटी करून पाहा. मधोमध एक फिरता सांधा असतो, त्याला स्विव्हल म्हणतात. त्यातून दोन बाजूंना पोकळ दांडी निघते आणि दांडीच्या दोन्ही टोकांना एकेक नोझल. मोटर नाही, वायर नाही, गिअर नाही. नोझल सरळ खाली न बघता किंचित तिरपे आणि एकमेकांच्या उलट दिशेला वळलेले असतात. पाणी एका बाजूला सुटतं, दांडी दुसऱ्या बाजूला ढकलली जाते; भुईचक्र फिरतं ते याच न्यायाने. पाण्याचा बहुतेक जोर खाली, मळ काढण्यात जातो आणि बाजूचा थोडासा हिस्सा दांडी फिरवण्यात. मोठ्या मशीनच्या काही चकत्यांना तीन किंवा चार नोझलही असतात.

या पाण्याच्या ताकदीचा अंदाज असलेला बरा. २०० बार दाबाने सुटलेल्या पाण्याचा वेग सेकंदाला सुमारे २०० मीटर असतो. मिनिटाला १५ लिटर पाणी त्या वेगाने खाली सुटलं, तर चकतीला वर ढकलणारा धक्का सुमारे ५ किलो वजनाएवढा होतो. चालू चकती हाताला हलकी लागते ती यामुळे. आणि चालू असताना ती उचलायची किंवा तिरकी करायची नाही, तेही यामुळेच. जमिनीला टेकलेली आहे तोवर पाणी, वाळू, खडे सगळं चकतीच्या काठाला लावलेल्या ब्रशच्या झालरीच्या आत राहतं. कड उचलली की सगळं घोट्यावर.

दाब सुटा करतो, पाणी वाहून नेतं

प्रेशर वॉशरचे दोन आकडे असतात: दाब, जो बार किंवा पीएसआयमध्ये (चौरस इंचावर किती पौंड) सांगतात, आणि प्रवाह, म्हणजे मिनिटाला किती लिटर किंवा गॅलन. विकणारे दाब सांगतात, कारण हजारांतला आकडा भारदस्त वाटतो. दाबाचं काम मळाची पकड सोडवण्याचं. सुटलेला मळ बाहेर नेणं आणि एका फेरीत किती जागा होईल हे ठरवणं, ही कामं प्रवाहाची. लहान जागा धुताना हा फरक फारसा जाणवत नाही. सरफेस क्लीनर लावला की लगेच जाणवतो.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. दोन नोझल आहेत म्हणजे दाब अर्धा अर्धा वाटला जातो, असं पुष्कळांना वाटतं. दाब दोन्हीकडे सारखाच पोचतो. वाटलं जातं ते पाणी. मिनिटाला ८ लिटर देणाऱ्या पंपाचे प्रत्येक नोझलला ४ लिटर येतात, आणि तेवढ्या पाण्याने पूर्ण वर्तुळ झाकायचं असतं.

आता चकती मोठी केली की काय होतं बघा. १२ इंची वर्तुळाचा परीघ ९६ सेंटिमीटरच्या आसपास, २० इंचीचा १६० सेंटिमीटर. पाणी तेवढंच, फिरायची वाट मात्र पावणेदोन पटीच्या जवळ. तीच सफाई हवी तर तेवढ्याच प्रमाणात हळू चालावं लागेल, म्हणजे मोठ्या चकतीने वाचणारा वेळ परत गेला. शिवाय लांब दांडी जड असते. कमी पाण्यात ती रेंगाळत फिरते आणि जमिनीवर गोल गोल ओरखड्यांसारखी नक्षी सोडते.

कारागिरांचा ठोकताळा असा: मिनिटाला १ गॅलन, म्हणजे ३.८ लिटर पाण्यामागे ढोबळमानाने ४ ते ५ इंच व्यास; लहान मशीनला इंच-दोन इंच जास्तही चालतो. मिनिटाला ६ ते ८ लिटर देणाऱ्या घरगुती इलेक्ट्रिक मशीनला १० ते १२ इंची चकती पुरे. १० लिटरच्या आसपासच्या पेट्रोल मशीनला १२ ते १५ इंच. १५ लिटरच्या व्यावसायिक मशीनला १६ ते २० इंच, आणि ३० लिटरच्या मशीनला २४ ते ३० इंच. त्यापुढे पाणी कितीही असलं तरी चकती ढकलणंच त्रासाचं होतं. दोन मापांमध्ये अडलात तर लहान घ्या. लहान चकती घेऊन दोन फेऱ्या जास्त माराव्या लागतील, पण प्रत्येक फेरी पूर्ण साफ होईल.

आणखी एक बाब सहज निसटते. पंपाला जेवढं पाणी लागतं त्याहून जास्त नळातून यायला हवं. बादली भरायला लागणारा वेळ मोजला की नळाचा प्रवाह कळतो: १५ लिटरची बादली मिनिटाभरात भरत नसेल, तर १५ लिटरचा पंप त्या नळावर उपाशी राहील, हवा ओढेल आणि आतून झिजेल.

नोझलवरचा आकडा

चकतीसोबत आलेले नोझल तुमच्या मशीनसाठी योग्य असतीलच असं नाही, आणि हे तपासणारे फार थोडे. नोझलच्या अंगावर बारीक अक्षरांत आकडा कोरलेला असतो, समजा २५०२५. पहिले दोन अंक फवाऱ्याचा कोन सांगतात: २५ अंश. उरलेला ०२५ हा भोकाचा क्रमांक, म्हणजे २.५. हा क्रमांक सांगतो, की ४००० पीएसआय दाबाला (२७५ बारच्या आसपास) त्या भोकातून मिनिटाला किती गॅलन पाणी जाईल.

मशीन ४ गॅलन आणि ३००० पीएसआयचं असेल तर? दाब कमी असल्यामुळे तेवढंच पाणी जायला भोक जरा मोठं लागतं. ४००० भागिले ३००० याचं वर्गमूळ काढा, त्याला ४ ने गुणा, उत्तर ४.६ येतं. हा दोन्ही नोझलचा मिळून आकडा. म्हणजे प्रत्येकी २.३. बाजारात २.० मिळतो आणि २.५ मिळतो. २.० चे दोन बसवले तर सगळं पाणी बाहेर जायला ४००० पीएसआय लागतील, जे पंप देणार नाही. जास्तीचं पाणी अनलोडर व्हॉल्व्ह, म्हणजे दाब वाढला की पाणी मागे वळवणारी झडप, पंपातच फिरवत ठेवेल आणि पंप तापेल. २.५ चे दोन बसवले तर दाब २५०० पीएसआयच्या थोडा वर स्थिरावेल आणि सगळं पाणी जमिनीपर्यंत पोचेल. काँक्रीटच्या ड्राइव्हवेला तेवढा दाब भरपूर झाला. मी तरी दरवेळी २.५ च घेईन.

लहान इलेक्ट्रिक मशीनच्या कंपनीने दिलेल्या चकतीत हा हिशेब आधीच करून दिलेला असतो, तिथे डोकं लावायची गरज नाही. दुसऱ्याच कंपनीची चकती लावताना मात्र तो चुकवू नये.

घेताना काय बघायचं

सगळ्यांत आधी स्विव्हल. चकतीत झिजणारा मुख्य भाग तोच, आणि स्वस्त-महाग हा फरकही बराचसा तिथेच. ग्रीस भरायचं निपल आहे का, आतले सील आणि बेअरिंग सुटे मिळतात का, हे विचारा. सील बदलता येत नसेल, तर ते झिजल्यावर अख्खी चकती टाकावी लागते. दाबाची आणि तापमानाची मर्यादाही बघा. गरम पाण्याच्या मशीनवर थंड पाण्याचं स्विव्हल फार दिवस टिकत नाही.

डबा प्लास्टिकचा असला तरी अंगणापुरता चालतो. रोजच्या कामाला ॲल्युमिनियम किंवा स्टेनलेस स्टील बरं. चाकं असलेली चकती खडबडीत जमिनीवर आणि सांध्यांवरून सुखाने जाते. बिनचाकी चकती पाण्याच्या धक्क्यावर तरंगत सरकते. गुळगुळीत काँक्रीटवर ती फार हलकी चालते, पण उंचसखल जागी अडखळते. झालर बदलता येणारी असावी, ती घासून जातेच.

जोडणीत लोक सर्वाधिक वैतागतात. मोठ्या मशीनना पाव इंची किंवा तीन अष्टमांश इंची क्विक कनेक्ट, म्हणजे आटे न फिरवता खटकन बसणारा जोड असतो. घरगुती मशीनना कंपनीची आपली खाच नाहीतर एम२२ (२२ मिलिमीटर) आट्यांचा जोड. या एम२२ मध्ये आतली नळी १४ मिलिमीटरची आणि १५ मिलिमीटरची असे दोन प्रकार आहेत. बाहेरचे आटे सारखेच असल्यामुळे दोन्ही एकमेकांवर बसतात, आणि मग सांध्यातून पाणी फवारत राहतं. कॅलिपरने मोजूनच ॲडॉप्टर घ्या.

चकती लावण्याआधी

चकती फिरवण्याआधीच निम्मं काम झालेलं असायला हवं. सुटी माती, पानं, खडे झाडून काढा. एक खडा दांडीत अडकला तरी फिरणं थांबतं. चकती जोडण्याआधी पाइप आणि गन (घोडा असलेली मूठ) अर्धा मिनिट मोकळे वाहू द्या, म्हणजे आतला गंजाचा कण, वाळू बाहेर पडेल. तोच कण नाहीतर नोझलच्या भोकात जाऊन बसतो.

डाग कशाचा आहे ते ओळखा. शेवाळ, काळी बुरशी, हिरवट थर हे सगळं जिवंत असतं आणि काँक्रीटच्या छिद्रांत मूळ धरून असतं. वरून कितीही दाब मारला तरी छिद्रातलं शिल्लक राहतं आणि काही महिन्यांत परत वर येतं. त्याला पातळ केलेलं ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, फवारून १० ते १५ मिनिटं ठेवायचं, वाळू द्यायचं नाही, मग चकती. ऑइलच्या डागाला अल्कलीवालं डीग्रीझर (तेलकटपणा काढणारं रसायन) आणि ब्रश. गरम पाणी असेल तर सोन्याहून पिवळं. गंजाला ऑक्झॅलिक ॲसिड. ब्लीच आणि ॲसिड एकाच दिवशी एकाच जागी वापरायचे झाले, तर मध्ये भरपूर पाण्याने धुऊन घ्या. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. ब्लीच पंपातून किंवा स्विव्हलमधून ओढू नये, सील आणि धातू दोन्ही खातं. ते वेगळ्या पंपाने फवारा. कडेच्या झाडांना आधी साध्या पाण्याने चिंब करा, काम झाल्यावर पुन्हा.

कोपरे आणि भिंतीलगतच्या कडा आधी लान्सने करून घ्या. गोल चकती कोपऱ्यात पोचत नाही, आणि कडा शेवटी केल्या तर धुतलेल्या जागेवर चिखल उडतो.

किती हळू चालायचं

या प्रश्नाचं उत्तर साधारणपणे ‘हळू चाला’ एवढंच मिळतं. त्यामागचा हिशेब सोपा आहे. नोझल जमिनीपासून ४ सेंटिमीटरवर आणि फवारा २५ अंशांचा असेल, तर जमिनीवर त्याची रुंदी पावणेदोन सेंटिमीटर भरते. दांडी मिनिटाला १००० फेरे घेत असेल, तर दोन नोझल मिळून एका जागेवरून सेकंदाला ३३ वेळा फवारा जातो. तुम्ही सेकंदाला ३० सेंटिमीटर पुढे सरकलात, तर दोन फटकाऱ्यांमध्ये ९ मिलिमीटर अंतर पडेल. प्रत्येक जागेवरून फवारा किमान दोनदा जाईल. रस्त्यावर चालतो तशा चालीने, म्हणजे सेकंदाला १.२ मीटरने गेलात, तर अंतर ३६ मिलिमीटर होतं. फवारा जेमतेम १८ मिलिमीटरचा. उरलेली निम्मी जागा कोरडी सुटली. वाळल्यावर दिसणाऱ्या त्या कमानीसारख्या रेघा म्हणजे नेमकी ही सुटलेली जागा.

म्हणून सेकंदाला साधारण एक पाऊलभर. फार मळलेल्या जागी त्याहून हळू. पण एका जागी थांबून राहू नका, तिथे गोल खूण उमटते. वळताना गनचा घोडा सोडा किंवा रुंद वळण घ्या.

चकतीच्या काठाखालच्या पट्टीला मधल्यापेक्षा जास्त मार बसतो, कारण तिथे नोझल चालण्याच्या दिशेनेच जातो आणि त्या पट्टीवर जास्त वेळ रेंगाळतो. जुन्या, मऊ काँक्रीटवर त्यामुळे फेऱ्यांच्या सीमेवर रेघ उमटू शकते. पुढची फेरी मागच्या फेरीवर काही इंच चढवून घ्या, आणि रेघा दिसत असतील तर दाब कमी करून दुसरी फेरी आडवी मारा. ओल्या काँक्रीटवर सगळंच एकसारखं दिसतं, तेव्हा सुरुवातीला छोटा तुकडा करून तो वाळू द्या आणि मगच पुढे जा.

सुरुवात करताना चकती जमिनीवर ठेवा, मग गन दाबा. पाइप नेहमी पाठीमागे ठेवा.

चकती मळ सुटा करते, पण बरंचसं राखाडी चिखलपाणी तिथेच ठेवते. हे वाळू दिलं तर पुन्हा बसतं. रुंद फवाऱ्याच्या नोझलने उंच बाजूकडून उताराकडे लगेच धुऊन काढा. हे पाणी कुठे जातंय ते बघा. ऑइल आणि ब्लीच मिसळलेलं पाणी पावसाळी गटारात सोडायला अनेक ठिकाणी मनाई असते, कारण ते गटार सरळ नदीनाल्याला मिळतं. ज्यांना पाणी गोळा करायचंच असतं त्यांच्यासाठी व्हॅक्यूमचं तोंड असलेल्या चकत्या येतात.

धुऊन झाल्यावर पातळ ब्लीचचा एक हलका फवारा मारून ठेवला, तर छिद्रांत उरलेलं शेवाळ मरतं आणि बारीकसारीक रेघाही पुष्कळदा फिक्या होतात. ही पायरी लोक वगळतात. मला विचाराल, तर दुसऱ्या फेरीपेक्षा हिचा उपयोग जास्त.

कुठे जपून

काँक्रीटची ताकद २८ दिवसांची धरून मोजतात. त्याआधी चकती लावायचीच नाही आणि त्यानंतरही काही महिने सौम्य दाबानेच. वरचा गुळगुळीत सिमेंटचा पापुद्रा एकदा उडाला की खडी उघडी पडते आणि ते परत भरून येत नाही. पेव्हर ब्लॉकच्या फटींतली वाळू चकती उपसून काढते, म्हणून वाळवून पुन्हा वाळू भरायची तयारी ठेवूनच हात घाला. डांबरावर कमी दाब आणि सतत पुढे सरकणं. आधीच पोपडे सुटलेल्या किंवा भेगाळलेल्या जागी चकती नको, नळीचं पाणी आणि ब्रश.

फवाऱ्याच्या वाटेत हात किंवा पाय कधीही नको. या दाबाचं पाणी कातडीत शिरतं. बाहेरून टोचल्याएवढं छिद्र दिसतं आणि आत पेशींचं मोठं नुकसान झालेलं असतं. दुखत नसलं तरी तसंच दवाखान्यात जायचं. दांडी अडकली तर आधी मशीन बंद करा, गन दाबून पाइपातला दाब सोडा, मगच चकती उलटी करा. बंद पायांचे बूट आणि चष्मा हवाच. पेट्रोल मशीन गॅरेजच्या आत चालवू नका, धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही. इलेक्ट्रिक मशीन विजेची गळती झाल्यावर पुरवठा तोडणाऱ्या ब्रेकरवरच.

बिघडलं की

चकती थरथरायला लागली किंवा एका अंगाने ओढायला लागली, तर एक नोझल तुंबलेलं असतं. ते काढून बारीक तारेने मागच्या बाजूने टोचा आणि उलट्या दिशेने धुवा. दांडी मुळीच फिरत नसेल, तर दाब सोडून ती हाताने फिरवून पाहा: जड फिरली तर स्विव्हल, सहज फिरली तर पाणी कमी किंवा नोझल झिजून मोठे झालेले. नोझल नेहमी जोडीने बदला. एक नवं आणि एक जुनं बसवलं की तोल जातो आणि बेअरिंगवर भार पडतो. स्विव्हलच्या वरच्या बाजूने पाण्याचे थेंब यायला लागले म्हणजे सील गेलं. तसंच चालवत राहिलात तर पाणी बेअरिंगमध्ये शिरतं, आणि थोडक्यात भागणारं काम पूर्ण स्विव्हल बदलण्यावर जातं.

काम झाल्यावर साधं पाणी दोन मिनिटं सोडून आतलं रसायन धुऊन टाका आणि चकती झालरीवर न ठेवता टांगून ठेवा, नाहीतर ब्रशचे केस वाकून तसेच राहतात. पाणी गोठण्याइतकी थंडी पडत असेल, तर दांडी आणि स्विव्हल रिकामे करूनच आत ठेवा.